मुंबई, गुडघ्यांसकट

कराड, सांगोला, चाळीसगाव, कुठल्याही तालुक्याच्या गावी सत्तरी ओलांडलेल्या माणसाला विचारून बघावं, ‘मुंबई बघितली का हो?’ उत्तर ठसक्यात येतं. ‘न बघायला काय झालं? केईएमला बारा दिवस होतो.’ दुसरे आजोबा पेन्शनच्या कागदापायी मंत्रालयाच्या पायऱ्या झिजवून आलेले असतात. आजींची मुंबई डोंबिवलीत असते. नातवाच्या वेळी त्या दोन महिने मुलाकडे राहिल्या आणि तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून समोरच्या बिल्डिंगमधल्या बाईशी ओळख करून परत आल्या. त्या बाईशी अजून फोनवर बोलणं असतं, तो भाग वेगळा. पण गेटवे? राणीची बाग? मरीन ड्राइव्हचा समुद्र? ‘ते राहिलंच बघा. गाडीची वेळ झाली होती.’

हे राहिलेलं बघायला आता गावोगावचे ज्येष्ठ नागरिक संघ निघतात. संघाच्या सहलींचा क्रम साधारण ठरलेला असतो. आधी पंढरपूर-तुळजापूर, मग अष्टविनायक, मग शेगाव नाहीतर गाणगापूर. आणि एका वर्षी कोणीतरी, बहुधा निवृत्त मुख्याध्यापक, सभेत उभं राहून म्हणतात, ‘देव पुष्कळ झाले. आता जरा शहर बघू.’ सभेत चुळबुळ होते. देवाला जायचं तर कारण सांगावं लागत नाही. नुसतं हिंडायला जायचं म्हणजे सुनेला काय सांगायचं? सरकारचं मतही सुनेच्या बाजूला झुकणारं आहे. २०२४ साली आलेली मुख्यमंत्री तीर्थदर्शन योजना अटीत बसणाऱ्या साठीपुढच्या माणसाला तीर्थयात्रेसाठी तीस हजार रुपयांपर्यंत खर्च देते. राणीच्या बागेतले पेंग्विन तीर्थात धरलेले नाहीत. तेव्हा पेंग्विन स्वखर्चाने.

खर्च म्हटल्यावर सभेचा पहिला तास सवलतींवर जातो. रेल्वे पूर्वी साठीच्या पुरुषाला चाळीस टक्के आणि अठ्ठावन्नच्या बाईला पन्नास टक्के भाडं सोडत असे. मार्च २०२० मध्ये करोनाच्या निमित्ताने ती सवलत थांबली. करोना गेला, सवलत परतली नाही. एसटीचं उलट आहे. ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी पार केलेल्यांना राज्यभर प्रवास फुकट, पासष्ट ते पंचाहत्तरमधल्यांना अर्धं तिकीट आणि मार्च २०२३ पासून बायकांना वयाची चौकशी न करता अर्धं तिकीट. त्यामुळे सभेत सरळ फूट पडते. पंचाहत्तरच्या वरचे एसटीच्या बाजूने, खालचे रेल्वेच्या. ज्यांना पंचाहत्तर पूर्ण व्हायला पाच महिने आहेत असे एक सभासद सहल पुढे ढकलावी असं सुचवतात. सूचनेला अनुमोदन मिळत नाही.

शेवटी रेल्वे ठरते, कारण रेल्वेत संडास असतो. या वयात प्रवासाच्या साधनाची निवड दुसऱ्या कुठल्या निकषावर होत नाही आणि ते योग्यच आहे.

मग बर्थ. साठीचे पुरुष आणि पंचेचाळिशीच्या बायका यांना शक्यतो खालचा बर्थ द्यावा असा रेल्वेचा नियम आहे आणि संगणक तो पाळायचा प्रयत्नही करतो. पण खालच्या बर्थचा हा राखीव कोटा एका तिकिटावर एक किंवा फार तर दोन ज्येष्ठ असतील तरच लागू होतो. खजिनदार हिशेब सोपा राहावा म्हणून सहासहा जणांचं एक तिकीट काढतात आणि संगणकाच्या दृष्टीने सगळे एकदम तरुण होतात. शिवाय स्लीपरच्या एका कप्प्यात आठ बर्थ, त्यातले खालचे बाजूचा धरून तीन. उरलेले पाच जण कुठे चढणार? मधल्या बर्थवर एकदा चढवलेले अण्णा पुण्याला चहासाठी उतरले, की पुन्हा चढवायला तिघं लागतात आणि त्या तिघांपैकी दोघांना डॉक्टरांनी जड उचलायला मना केलेलं असतं.

यावर सोपा उपाय म्हणजे रात्रीच्या गाडीचा नाद सोडणे. कोल्हापूर, सांगली, कराडकडच्या माणसाला महालक्ष्मी एक्स्प्रेसचा मोह होतो. रात्री झोपलं की सकाळी मुंबई, दिवस वाया जात नाही. हे गणित तरुणांचं. म्हातारपणी रेल्वेत झोप लागत नाही, कोण किती घोरतं याची माहिती तेवढी गोळा होते. आणि सकाळी सातला मुंबईत उतरलेल्या माणसाने जायचं कुठे? हॉटेलची खोली दुपारी बाराला मिळते. ज्या माणसाने गेली पन्नास वर्षं साडेचारला उठून, आंघोळ करून, देवाला फूल वाहिल्याशिवाय चहाला तोंड लावलेलं नाही, त्याला ‘चेक-इन बाराला’ हे वाक्य कळतच नाही. तो मॅनेजरला विचारतो, ‘मग तोवर आंघोळ कुठं करायची?’ मॅनेजरपाशी उत्तर नसतं. लॉबीतल्या एकुलत्या एक सोफ्यावर आठ जणी, बाकीचे पिशव्यांवर, असा पाच तासांचा मुक्काम घडतो आणि सहलीचा पहिला दिवस कुठलंही स्थळ न बघता संपत येतो. त्यापेक्षा दिवसा निघणारी कोयना एक्स्प्रेस बरी. खिडकीतून खंडाळ्याचा घाट दिसतो, डबे उघडता येतात, रात्री मुंबईत पोचून सरळ पाठ टेकता येते.

हॉटेलला फोन करताना प्रश्न नेमके विचारावे लागतात. ‘लिफ्ट आहे का?’ हा प्रश्न फोल. लिफ्ट सगळीकडे असते. ‘लिफ्ट चालू आहे का आणि लिफ्टपर्यंत पायऱ्या किती?’ असं विचारायचं. फोर्ट-गिरगावातल्या जुन्या इमारतींत दहा-बारा पायऱ्या चढून गेल्यावर मग लिफ्ट भेटते. कमोड आहे का, कमोडशेजारी धरायला काही आहे का, न्हाणीघरातली फरशी गुळगुळीत आहे का, हे पुढचे प्रश्न. चोवीस तास गरम पाण्याची खात्री देणाऱ्याला पहाटे साडेचारचं काय, असं वेगळं विचारावं. तिथे बहुतेकांची गाडी अडते.

आता वार. मुंबईची स्थळं आणि महाराष्ट्राचे उपास यांची सांगड घालणं हे पंचांगकर्त्याचं काम आहे. सोमवारी एलिफंटाची लेणी बंद. मंगळवारी सिद्धिविनायकाला अशी रांग, की दर्शनाची वेळ म्हणजे दुपारच्या गोळ्यांची वेळ. बुधवारी राणीची बाग बंद. रविवारी लोकलचा मेगाब्लॉक, आणि मुंबईकर स्वतःच मुंबई बघायला बाहेर पडलेले. उरले गुरुवार, शुक्रवार आणि शनिवार. गुरुवारी सात जणांचा दत्ताचा उपास, शनिवारी चौघांचा मारुतीचा. एकादशी आणि चतुर्थी मधेच कुठे उगवेल ते आधी कॅलेंडरात बघायचं. त्यात संघात नाटकवेड्यांचा एक गट असतो. दादरला शिवाजी मंदिरात नाटक बघितल्याशिवाय मुंबईला गेल्याचं पाप लागतं असं त्यांचं म्हणणं, आणि प्रयोग शनिवार-रविवारी जास्त. एवढा सगळा भागाकार केल्यावर बाकी उरते ती शुक्रवार-शनिवार. गुरुवारी रात्री पोचायचं, रविवारी सकाळी परतीला लागायचं. महिना डिसेंबर ते फेब्रुवारी. मुंबईची थंडी ती काय, पण कानटोपी बरोबर येतेच.

एवढं ठरेपर्यंत पुण्या-मुंबईत असलेला कोणाचा तरी मुलगा मोबाइलवर यादी पाठवतो. यादी शुद्ध हेतूने केलेली असते, त्यामुळे ती जास्त घातक. ‘सकाळी ९ गेटवे, ९.३० ताज, १० म्युझियम...’ अशी रात्री नऊपर्यंत चौदा स्थळं. खासगी ‘मुंबई दर्शन’ बसगाड्यांचाही हाच खाक्या. बस हळू होते, पुढून माइकवर आवाज येतो, ‘डावीकडे बघा’, डावीकडे बसलेल्यांना दिसतं, उजवीकडचे उठेपर्यंत सिग्नल सुटतो. जुहूला एका सुपरस्टारच्या बंगल्याचं फाटक दाखवतात. फाटक बंद असतं. आजी म्हणतात, ‘फाटक चांगलं आहे हो, पण आपल्या साखर कारखान्याचं याहून मोठं.’

मुलाच्या यादीत चूक शोधायला गेलं तर एकही स्थळ चुकीचं नसतं. चुकीचं असतं ते दोन स्थळांमधलं अंतर, जे त्याने गाडीच्या मिनिटांत मोजलेलं आहे. बसमधून तीस ज्येष्ठांना उतरायला आणि पुन्हा चढायला लागणारा वेळ नकाशात येत नाही. एकाची काठी सीटखाली गेलेली असते, एकीची चप्पल, आणि एक जण ‘मी गाडीतच बसतो, तुम्ही या बघून’ म्हणत असतात, त्यांची समजूत घालावी लागते.

गंमत अशी, की यातलीच काही माणसं दर आषाढीला आळंदीहून पंढरपूरला चालत जातात. जवळजवळ अडीचशे किलोमीटर. दिवे घाट चढतात. मग त्यांना म्युझियमच्या फाटकापासून दारापर्यंत चालवत का नाही? उत्तर वारीच्या आखणीत आहे. पालखीच्या वाटेवर सकाळचा विसावा, दुपारचं जेवण, संध्याकाळचा विसावा आणि रात्रीचा तळ, सगळं पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं. पुणे ते सासवड हा सगळ्यांत लांब आणि चढाचा टप्पा, म्हणून पालखी पुण्यात दोन मुक्काम करून निघते आणि सासवडला पोचल्यावरही दोन मुक्काम करते. वारीची आखणी करणाऱ्यांनी थकवा आधी मोजला, अंतर नंतर. शहरदर्शनाची आखणी करणाऱ्याने एवढी एक गोष्ट जरी उचलली, तरी निम्मं काम झालं. सकाळी जवळजवळची तीन-चार स्थळं, जेवण, वामकुक्षी, संध्याकाळी दोन. कागदावर ही यादी अगदी कंजूष दिसते. त्या कंजुषीला धरून राहावं.

विसाव्याइतकाच महत्त्वाचा दुसरा विषय सभेत कोणी काढत नाही, कारण सभेत बायका-पुरुष एकत्र असतात. रक्तदाबाच्या गोळ्यांतली एक ‘पाण्याची गोळी’ असते. सकाळी घेतली, की पुढचे दोन-तीन तास माणसाने संडासापासून फार लांब जाऊ नये. पुरुषांच्या बाबतीत प्रोस्टेट नावाची ग्रंथी सहलीच्या वेळापत्रकात सह्या करते. बायकांचा उपाय याहून वाईट. त्या सकाळपासून पाणीच पीत नाहीत. संध्याकाळपर्यंत डोकं दुखतं, पायात गोळे येतात आणि सगळे म्हणतात ऊन लागलं. मुंबईत बायकांना स्वच्छ आणि फुकट मुतारी मिळावी म्हणून २०११ पासून ‘राइट टू पी’ नावाची चळवळ चालली आहे. जिथे चळवळ करावी लागते तिथे सोय किती असेल, हे वेगळं सांगायला नको. म्हणून प्रत्येक स्थळापुढे कंसात ‘संडास: आहे, बरा / आहे, नको / नाही’ असा शेरा मारलेली यादी कुठल्याही रंगीत माहितीपुस्तकापेक्षा मोलाची. गोळीची वेळ बदलायची तर मात्र आपल्या डॉक्टरांना विचारून. संघाच्या सचिवांना विचारून नव्हे.

शुक्रवारी सकाळी गेटवे. पंचम जॉर्ज आणि राणी मेरी १९११ साली मुंबईत उतरले, त्या प्रसंगाची ही कमान. राजा आला तेव्हा ती बांधलेलीच नव्हती. पुरी झाली १९२४ साली. ही हकीकत सांगितली, की सार्वजनिक बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले सभासद पहिल्यांदाच प्रसन्न हसतात. आणि १९४८ साली शेवटची ब्रिटिश पलटण याच कमानीखालून मायदेशी गेली, हे कळल्यावर फोटोसाठी सगळे जरा ताठ उभे राहतात. बघायला वीस मिनिटं पुरतात, फोटोला चाळीस. कारण तिसांतल्या प्रत्येकाच्या मोबाइलवर वेगळा फोटो काढावा लागतो, आणि नवराबायकोला शेजारी उभं करणं हे पन्नास वर्षांच्या संसारानंतरही सोपं नसतं.

इथेच एलिफंटाचा वाद उपटतो. लाँच समोर दिसत असते, हाक मारणारा माणूस ‘आजी, चला’ म्हणत असतो. जावं की न जावं? लाँचचा प्रवास तासाभराचा, वारा छान, धक्क्यापासून पुढे छोटी आगगाडीसुद्धा आहे. पण त्यापुढे लेण्यांपर्यंत सव्वाशेच्या आसपास पायऱ्या. डोलीत बसून जाता येतं. डोलीचा दर ठरवता येतो, डोलीत बसायला आजींचं मन ठरवता येत नाही. ‘मी काय आजारी आहे का?’ आणि सगळ्यांत अवघड गोष्ट पायऱ्यांचीसुद्धा नाही. गेटवेच्या दगडी धक्क्यावरून हलत्या लाँचमध्ये पाय टाकायचा तो एक क्षण अवघड. पहिल्या, दोन दिवसांच्या सहलीत एलिफंटा नको. तिथली महेशमूर्ती जगात एकच आहे आणि तिच्यासाठी वेगळा अख्खा दिवस काढून, नातवंडांना घेऊन जावं.

त्याऐवजी जवळच असलेलं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय. गेटवे बांधणाऱ्या जॉर्ज विटेटचीच ही इमारत, १९२२ पासून लोकांना खुली. सगळं बघायचा हट्ट धरू नये. मूर्तींचं दालन बघून आवारात झाडाखाली बसलेल्यांनाही म्युझियम पाहिल्याचं पुण्य तेवढंच. दालनात एक गोष्ट हमखास घडते. माहिती देणारा तरुण भांड्यांच्या कपाटापाशी येतो आणि काही सांगायच्या आत आजी सांगायला लागतात, या घाटाचा तांब्या आमच्या घरी होता, मोडीत दिला. पुढची दहा मिनिटं तो तरुण ऐकत असतो.

मग हुतात्मा चौक. मुलाच्या यादीत याला पाच मिनिटं होती, तीही ‘बसमधून’. सत्तरी-ऐंशीच्या पिढीला इथे उतरवावंच लागतं. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चावर इथे गोळीबार झाला, तेव्हा आज ऐंशीच्या घरात असलेली माणसं प्राथमिक शाळेत होती. कोणाचे वडील सत्याग्रहाला आलेले, कोणी अत्र्यांची सभा खांद्यावर बसून ऐकलेली. शेजारी १८६४ सालचं फ्लोरा फाउंटन आहे, त्याच्याकडे कोणी बघतही नाही. दोन सिग्नलच्या मधे, हॉर्नच्या गोंगाटात, इथे जेवढा वेळ जातो तेवढा ताजमहाल हॉटेलसमोरही जात नाही.

पुढे ओव्हल मैदानाच्या कडेने राजाबाई टॉवर. दोनशेऐंशी फूट उंच, १८७८ साली पुरा झालेला. पैसे दिले प्रेमचंद रायचंद यांनी आणि नाव दिलं आईचं. आई अंध होती, जैन असल्याने सूर्यास्ताआधी जेवायची, घड्याळाच्या टोल्यांवरून तिला वेळ कळावी म्हणून हा मनोरा, असं सांगतात. ही गोष्ट ऐकल्यावर मंडळी मनोऱ्याकडे बघायच्या आधी आपापल्या मुलांचे विचार मनात आणतात. कोणी बोलून दाखवत नाही. आत चढायला परवानगी नाही, हा विद्यापीठाचा ज्येष्ठांवर मोठाच उपकार. मैदानाच्या कठड्यावर बसून तो खालून उत्तम दिसतो.

जेवणाच्या बाबतीत फार शोध घेऊ नये. ‘मुंबईला आलोय तर काहीतरी वेगळं’ हा उत्साह तिसाव्या वर्षी शोभतो. दुपारी भात, वरण, भाजी, ताक मिळेल तिथे बसावं, आणि वेगळेपण संध्याकाळच्या चहाला ठेवावं. धोबीतलावचं कयानी १९०४ पासूनचं. तिथला बनमस्का चहात बुडवून खाणं ही कवळी लावणाऱ्यांसाठीच निघालेली पद्धत असावी. दादरला मामा काणे १९१० पासून आहेत, ‘प्रकाश’कडे साबुदाणावडा आणि पियूष आहे, म्हणजे शनिवारच्या उपासवाल्यांची चैन. त्यांच्याकडे बघून बिनउपासवाले हळहळतात. मिसळ मात्र कोल्हापूरच्या माणसासमोर मागवू नये. तो पहिला घास घेतो, मान हलवतो, आणि उरलेलं जेवण भाषणात जातं. मधुमेहवाल्यांच्या खिशात साखर किंवा बिस्किटं असलीच पाहिजेत. मुंबईचा ट्रॅफिक जेवणाची वेळ पाळत नाही.

वाहनांबद्दल एक धक्का सगळ्यांना बसतो. फोर्टात उभं राहून मंडळी रिक्षा शोधतात. रिक्षा माहीम आणि शीवच्या दक्षिणेला येतच नाही, हे मुंबईकराने आपणहून कधी सांगितलेलं नसतं. काळी-पिवळी टॅक्सी चौघांना घेते, म्हणजे तिसांना आठ टॅक्स्या, आणि आठवी नेहमी दुसऱ्याच फाटकापाशी सापडते. सिनेमात पाहिलेली लाल डबलडेकर २०२३ साली निवृत्त झाली. आता विजेवरची, गार हवेची डबलडेकर धावते. वरच्या मजल्यावर बसायचा आग्रह आजीच जास्त धरतात. भुयारी मेट्रो ऑक्टोबर २०२५ पासून आरे ते कफ परेड पूर्ण धावू लागली. सिद्धिविनायक आणि हुतात्मा चौक दोन्ही तिच्या वाटेवर, आणि प्रत्येक स्टेशनला लिफ्ट. वाटेत बघायला काही नाही, पण तीस जण एका वेळी बसतात, ही मुंबईतली सर्वांत मोठी करमणूक. सरकता जिना मात्र टाळावा. नऊवारीतल्या आजी त्याच्यापुढे थांबतात, पाय उचलतात, मागे घेतात, मागच्या माणसाला ‘तू हो पुढं’ म्हणतात. मागचा माणूस ऑफिसला निघालेला मुंबईकर असतो. त्या दोन मिनिटांत संघाने एका शहराचा रोष ओढवून घेतलेला असतो.

वामकुक्षीनंतर मलबार हिल. फिरोजशहा मेहता उद्यान सपाट, बाकं भरपूर, आणि त्याच्या पोटात दक्षिण मुंबईला पाणी पुरवणारा जलाशय. पाणीपट्टीची चर्चा इथे रंगते. समोरच्या कमला नेहरू पार्कात म्हातारीचा बूट. आजींनी त्याचं चित्र शाळेच्या पुस्तकापासून नातवाच्या फोटोंपर्यंत सगळीकडे पाहिलेलं असतं. जवळ गेल्यावर कळतं, की बुटात चढायची मुभा फक्त लहान मुलांना आहे. म्हाताऱ्यांना मनाई. एवढं शुद्ध विनोदाचं स्थळ महापालिकेने दुसरीकडे कुठे बांधलेलं नाही. शेजारीच २०२५ साली झाडांच्या उंचीवरून जाणारा लाकडी मार्ग खुला झाला आहे. अर्ध्या किलोमीटरच्या आसपास, पक्षी दिसतात. तिकीट ऑनलाइन काढावं लागतं, आणि ओटीपी ज्या मोबाइलवर येतो तो मोबाइल हॉटेलात चार्जिंगला असतो.

मरीन ड्राइव्हला नेमका सूर्यास्त गाठायचा. साडेतीन किलोमीटरचा हा कठडा फुकट आहे, बसायला रुंद आहे, आणि तिथून कोणी उठवत नाही. सचिवांनी इथे दीड तास सलग ठेवावा आणि त्या दीड तासात कोणालाही काही दाखवू नये. एरवी माणसं मोजत फिरणारे सचिवसुद्धा इथे बसतात. समुद्र, गाड्या, समोर दिवे लागलेल्या इमारती. ‘इतक्या घरांचं वीजबिल कोण भरत असेल?’ हा प्रश्न पहिल्या दहा मिनिटांत येतो.

शनिवारी सकाळी सिद्धिविनायक, ज्येष्ठांच्या वेगळ्या रांगेतून. ज्यांना देवळात रस नाही ते चैत्यभूमीला आणि शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर. मग जेवण, आडवं होणं आणि चारचं नाटक. नाटकाइतकं ज्येष्ठांच्या सोयीचं स्थळ शहरात नाही. खुर्ची, गारवा, मध्यंतरात बटाटावडा, आणि पहिल्या अंकात डोळा लागला तर कोणाला कळतही नाही. मध्ये तास-दीड तास सापडला, की बायका दादरच्या बाजारात शिरतात आणि गावात मिळते तीच चाळणी गावापेक्षा दहा रुपये स्वस्त घेऊन विजयी मुद्रेने परततात. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसची इमारत शेवटी, शनिवारी रात्री, रोषणाईत बघावी. १८८८ साली पुरी झालेली, २००४ पासून जागतिक वारशाच्या यादीतली. हिच्यासाठी वेगळा वेळ लागत नाही. समोरच्या फुटपाथवर पंधरा मिनिटं उभं राहिलं की झालं, आणि तेवढं उभं राहायची ताकद शनिवारी रात्रीही उरलेली असेल तर सहलीची आखणी बरोबर झाली असं खुशाल समजावं.

चौदातली सात-आठ स्थळं बघून झाली. राणीची बाग राहिली, पेंग्विन राहिले, एलिफंटा राहिलं. मुलगा फोनवर कुरकुरतो. त्याला कुरकुरू द्यावं. तीसच्या तीस जण आपापल्या पायांनी डब्यात चढले आणि कोणाचीही केईएममध्ये भरती झाली नाही, हा निकाल चांगला आहे.

परतीच्या गाडीत लोणावळा यायच्या आत पुढच्या वर्षीचं ठिकाण निघतं. बहुधा हैदराबाद. सचिवांनी वहीत आत्ताच टिपून ठेवायला हरकत नाही. सालारजंग संग्रहालय शुक्रवारी बंद असतं. गोवळकोंड्याला साडेतीनशेवर पायऱ्या आहेत, तेव्हा तो खालूनच. पण संध्याकाळी तिथे ध्वनिप्रकाशाचा खेळ होतो, आणि तो खुर्चीवर बसून बघता येतो.